ओळख न देणारी पेटी

सारिका ढोरेला राग येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वडगाव मावळात तिच्याबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळेल. बाई कामाची पक्की, पण तोंडाची तिखट. आता खरं सांगायचं तर तिच्या जागी दुसरं कुणी असतं, तर ते तोंडानं नव्हे, हातानं बोललं असतं. तिचा धंदा कॉम्प्युटर सांभाळायचा. दोन शाळा, एक पतसंस्था, वलवणकडचे बंगलेवाले, पवनेकाठचे फुलवाले, सगळ्यांचं ती एकटी बघते. स्कूटरच्या डिकीत वायरी, स्क्रू ड्रायव्हर आणि पोळीभाजीचा डबा. घरातलं माणूस आजारी पडलं तर लोक दोन दिवस वाट बघतात, कॉम्प्युटर शिंकला की मात्र लगेच सारिकाला फोन.

आणि फोनवरचं वाक्यसुद्धा ठरलेलं. "ताई, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप झालं." या एका वाक्यापायी तिचा जितका जीव जळलाय तितका सासुरवासानंही जळला नसेल. आपोआप काही होत नाही हो. कुणीतरी कुठंतरी बोट घातलेलं असतं. पण सांगायचं कुणी कुणाला.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. तव्यावर भाकरी, नवरा आदिनाथ एका हातानं बुटाची नाडी बांधतोय, दुसऱ्या हातात चहा. सासूबाई, नंदाबाई, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून ओरडतायत की लोकल चुकेल. आता ते घड्याळ पंधरा मिनिटं पुढं आहे. आदिनाथ कंपनीत लागला तेव्हा नंदाबाईंनीच ते पुढं केलं, त्याची गाडी चुकू नये म्हणून. सगळ्या घराला ते पुढं आहे हे पाठ. सगळे मनातल्या मनात पंधरा वजा करतात आणि आदिनाथ शेवटी पळायचा तो पळतोच. लग्न होऊन आल्यावर सारिकानं शहाणपणा करून ते एकदा बरोबर लावलं होतं. दोन दिवस सगळं घर उशिरा. तिसऱ्या दिवशी नंदाबाईंनी गुपचूप पुन्हा पुढं केलं आणि सारिकानंही कानाला खडा लावला. मावळात असं घड्याळ नसलेलं घर शोधून दाखवा.

तर त्या गडबडीत फोन वाजला. राजेश्वरी मॅडमचा. काल दुपारी कॉम्प्युटर अडले होते, आज पुन्हा अडले तर लगेच निघून ये.

राजेश्वरी मॅडम म्हणजे पवनेकाठी ज्यांची गुलाबाची पॉलिहाउसं आहेत त्या. राहतात लोणावळ्यात, बोलतात पुण्याचं, आणि घाईत असतात कायम. त्यांच्या पॅकहाउसमध्ये फुलं निवडायची, जुड्या बांधायच्या, खोक्यात भरायच्या, खोक्यावर लेबल लावायचं आणि थंड गाडीत चढवायचं असं काम चालतं. फेब्रुवारीच्या मध्याला जगात सगळ्यांना एकाच दिवशी प्रेम आठवतं, त्यामुळं त्याआधीचे तीन-चार आठवडे इथं कुणाला पाणी प्यायला उसंत नसते. आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटर आत घेईनात.

हे कॉम्प्युटरचं प्रकरण आधी समजून घ्या, नाहीतर पुढचा ताप कळायचा नाही. पॅकहाउसमध्ये कॉम्प्युटर पाच. पण त्यातल्या एकाच्याही पोटात काही नाही. कुठल्या पॉलिहाउसमधून काय आलं, कुठल्या गिऱ्हाईकाला काय जायचं, लेबलं कशी छापायची, सगळं एका काळ्या पेटीत. पेटी म्हणजे कोठीघर समजा. सगळ्यांनी तिथूनच घ्यायचं, तिथंच ठेवायचं. ही पेटी सारिकानंच बसवलेली, कारण एका पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं एक कॉम्प्युटर जळाला आणि अख्ख्या हंगामाची माहिती घेऊन गेला. पाचातला एक कॉम्प्युटर मुख्य. तो भिमाजीआबांच्या केबिनमध्ये. कुणीही खुर्चीवर बसलं की नाव आणि पासवर्ड टाकायचा. मुख्य कॉम्प्युटर म्हणणार, हा आपलाच माणूस, आणि तशी एक चिठ्ठी देणार. ती चिठ्ठी बघून पेटी दार उघडणार. इतकं साधं. गेली तीन वर्षं कुरकुर न करता चाललेलं.

आणि आता पेटी कुणालाच ओळख देईना. सकाळी सगळं ठीक. दुपारच्या जेवणाला उठताना नियमाप्रमाणं सगळे बाहेर पडत. जेवून आले, पासवर्ड टाकला, की पेटीचं उत्तर, लॉगिन फेल. पुन्हा टाका, लॉगिन फेल. चिडून टाका, रडून टाका, लॉगिन फेल. तोवर खोकी भरून रांगेत उभी, लेबल नाही म्हणून गाडीत चढत नाहीत, आणि मॅडमचा आवाज वर वर चाललेला.

त्या दिवशी दुपारी पुन्हा अडलं आणि सारिका पहिल्यांदा वडगावहून स्कूटर दामटत गेली. दारात मोबाईल ट्रेमध्ये ठेवला, कारण आत मोबाईल, घड्याळ, बांगड्या काही न्यायचं नाही असा मॅडमचा नियम. फुलात काही पडलं तर परदेशातून खोकं परत येतं म्हणे. डोक्याला टोपी घातली, केबिनमध्ये गेली, मुख्य कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेटीनं दार उघडलं. सगळं सुरळीत. मॅडम म्हणाल्या, बघ, दोन मिनिटांचं काम होतं. सारिकानं टोपी काढली आणि स्कूटरला किक मारली. जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. या वेळी तिनं सगळ्या वायरी बदलल्या. मुख्य कॉम्प्युटर बंद-चालू केला, सुरू झालं. मग पुन्हा. या वेळी पासवर्ड बदलले. पुन्हा. या वेळी लेबलच्या टेबलावरचा कॉम्प्युटरच उचलून दुसरा ठेवला. ती गेली की दुसऱ्या दिवशी दुपारी बिघाड, ती आली की मशीन गरीब गाय. जुड्या बांधणाऱ्या बाया खुसखुसायला लागल्या. त्यातली चंपा तर म्हणाली, "ताई, तुमचा फोटू चिकटवून ठिवा त्येच्यावर. भितंय त्ये तुमास्नी." सारिकालाही हसू आलं असतं, पण त्या हसण्यावरून पुन्हा फोन येणार हे तिला दिसत होतं.

बरं, फोनवरून सांगून काम होईल तर तेही नाही. मुख्य कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही, बंद तर मुळीच करायचा नाही, असा दम तिनंच तीन वर्षांपूर्वी सगळ्यांना भरलेला. त्यामुळं फोनवर ती म्हणे बंद-चालू करा, की लोक आपापला कॉम्प्युटर बंद-चालू करून म्हणत, केलं, नाही झालं. स्वतःच्याच शिस्तीत ती स्वतःच अडकली होती, आणि याचा राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

असं झालं की माणसं काय करतात? चोर शोधतात. आणि चोर सापडायला वेळ लागत नाही. जो सगळ्यात नवा आणि सगळ्यात गप्प, तो चोर.

लेबलच्या टेबलावर आरती नावाची पोर होती. डोंगरापल्याडच्या महादेव कोळ्यांच्या वाडीतली. बाप बहिरू, थोडी भातखाचरं, बाकी मिळेल ती मजुरी. पोर बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. वाडीतल्या बाया या पॅकहाउसमध्ये येत नव्हत्या असं नाही, पण बादल्या धुवायला, कचरा उचलायला. खुर्चीवर बसायला आलेली ही पहिली. ती कामाला लागली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आणि पेटीनं ओळख द्यायचं सोडलं त्याच आठवड्यात. झालं की मग. आणखी पुरावा कशाला हवा?

मॅडमनी सारिकाला बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की पोरीला जमत नाहीये, चुकीचं काहीतरी दाबते आणि सांगत नाही. त्यांनी तळेगावची एक मुलगी बघून ठेवली होती. पुन्हा एकदा लेबल अडलं की आरती घरी. आणि जाता जाता हेही म्हणाल्या, की यापुढं वाडीवरच्या पोरी आपण टेबलावर नाही घ्यायच्या, उगाच प्रयोग नको.

सारिकाच्या डोक्यात तिडीक गेली. आरतीबद्दल तिला पान्हा फुटला होता असं अजिबात नाही. उलट त्या पोरीचाही तिला वैताग आला होता. काही विचारलं की मान खाली आणि "न्हाई ताई". पण वडगावच्या बाजारात पहिल्यांदा दुकान टाकलं तेव्हा, बाईला काय कळतंय कॉम्प्युटरमधलं, असं म्हणून लोक पायरीवरून परत गेलेले तिला आठवत होते. एकीची चूक झाली की मागच्या दहाजणींचं दार लागतं, हे तिला पुस्तकातून शिकायला लागलं नव्हतं. आणि इथं तर चूक कुणाची हेच ठरलेलं नव्हतं.

तरी तिनं आधी पोरीलाच धारेवर धरलं. खुर्चीमागं उभी राहिली आणि म्हणाली, टाक पासवर्ड. आरतीनं टाकला. बरोबर. पुन्हा टाक. बरोबर. आता न बघता टाक. आरतीनं डोळे मिटून टाकला, तोही बरोबर. डोळे भरले होते पोरीचे, पण बोट एकदाही घसरलं नाही. सारिका तिथंच चरफडली. पोरगी चुकत असती तर किती सोपं झालं असतं.

मग एक दिवस ती सकाळी लवकर गेली, म्हटलं कामाच्या आधी काय होतं ते बघू. पॅकहाउसचं फाटक अजून बंद. बाहेर मोरीच्या कठड्यावर शाल गुंडाळून आरती बसलेली, थंडीनं नाक लाल. सारिका म्हणाली, इथं काय करतेस, आत जाऊन बस की. आरती म्हणाली, फाटक उघडलं नाही अजून. सारिकानं पुढं काही विचारलं नाही. तिच्या डोक्यात वायरी होत्या.

पाठवणीचा सगळ्यात मोठा दिवस उजाडला. त्या दिवशी सारिकानं मनाशी एक गाठ बांधली. काही झालं तरी बंद-चालू करायचं नाही. आजवर ती रोग बघायच्या आधीच औषध देत होती आणि रोगी बरा झाला म्हणून घरी जात होती. आज रोग डोळ्यांसमोर यायला हवा. ती जेवणाच्या आधीच जाऊन बसली. बाया जेवायला उठल्या, ती आरतीच्या टेबलाशी डबा उघडून बसली. बाया परत आल्या. आरतीनं पासवर्ड टाकला.

लॉगिन फेल.

आरतीचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले. मॅडम त्या दिवशी जातीनं हजर होत्या, त्या धावत आल्या. म्हणायला लागल्या, अगं, बघतेस काय, ते बंद-चालू कर ना. सारिका म्हणाली, नाही करणार. मॅडमना हे उत्तर कुणी दिलेलं नव्हतं कित्येक वर्षांत. त्या आरतीकडं वळल्या आणि म्हणाल्या, पर्स घे तुझी. सारिकानं मागं न बघता सांगितलं की एक तास द्या, तासानं सगळ्यांनाच घरी पाठवा, मलासुद्धा. मॅडम पाय आपटत गाडीवाल्याला थोपवायला गेल्या.

पेटीचं एक असतं. ती कुणाला दारातून परत लावते आणि का, हे ती आपल्यापाशी टिपून ठेवते. सारिकानं ते उघडलं. आधीच्या खेपांना तिनं ते चाळलं नव्हतं असं नाही, पण तोवर सगळं सुरू झालेलं असायचं आणि मॅडम मानेवर बसलेल्या असायच्या. आज नीट वाचलं. पेटी पासवर्डबद्दल तक्रार करतच नव्हती. पेटीचं म्हणणं एवढंच होतं, की चिठ्ठीवरची वेळ आणि माझी वेळ जुळत नाही.

असं असतं खरं. चिठ्ठीवर वेळ पडते, आणि ती पेटीच्या घड्याळापेक्षा पाच मिनिटांहून जास्त पुढं-मागं असली की पेटी म्हणते ही चिठ्ठी खोटी, कुणीतरी चोरून वापरतंय. सारिकाला हे माहीत होतं. तिनं स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ बघितली. मान वर करून भिंतीवरचं मोठं घड्याळ बघितलं. दोन्ही अगदी एक. मग केबिनमध्ये जाऊन मुख्य कॉम्प्युटर बघितला. तोही तेच सांगतोय. म्हणजे सगळे बरोबर आणि पेटीच खुळी? अख्ख्या हंगामात तिनं पेटीला दिल्या नसतील तेवढ्या शिव्या तिनं मनात त्या एका क्षणात दिल्या. नवी पेटी आणायची म्हणजे पुणे, म्हणजे उद्या, आणि उद्यापर्यंत आरती घरी.

तेवढ्यात दाराजवळच्या ट्रेमधून तिचाच मोबाईल वाजायला लागला. वलवणच्या बंगलेवाल्यांचा असणार. ती तणतणत गेली, फोन कापायला म्हणून उचलला, आणि कापता कापता तिची नजर वेळेवर गेली.

मोबाईल दहा मिनिटं मागं होता. की बाकी सगळं दहा मिनिटं पुढं?

ती टोपी घालून तशीच दारात उभी राहिली. आत कुणाकडंच मोबाईल नाही, कुणाच्या मनगटावर घड्याळ नाही. आत भिंत सांगेल ती वेळ. आणि भिंतीवरचं घड्याळ पुढं असणार हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणून तर कुणी विचार केला नाही. तिनंही केला नाही. तिच्या स्वतःच्या घरात पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ टांगलेलं, आणि ती निघालीय वायरी बदलायला. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की ती ट्रेवर हात आपटून मोठ्यानं हसली. चंपा शेजारणीला म्हणाली, गेली ही कामातून.

पण भिंतीवरचं घड्याळ कॉम्प्युटरमध्ये चालत जात नाही. कुणीतरी नेलं होतं. पेटी आपली वेळ इंटरनेटवरून घेत होती, ती खरी. मुख्य कॉम्प्युटरही रात्री आणि बंद-चालू केल्यावर आपली वेळ आपणच सुधारून घेत होता. म्हणून सकाळी ठीक, म्हणून ती आली की ठीक. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ती हातानं पुढं करत होतं, बाकीचे चार कॉम्प्युटर मुख्याचं बघून आपली वेळ लावून घेत होते. जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून डबा खाणारा माणूस एकच.

भिमाजीआबा पॅकहाउसचे मुकादम. शेड उभी राहिली तेव्हापासूनचे. साठीचे, शिस्तीचे, मोजकं बोलणारे, आणि पोरीबाळींना अगं-तुगं करून चार गोष्टी ऐकवणारे. गेले तीन आठवडे सारिका रोज त्यांच्या केबिनमध्ये त्यांच्यासमोर डोकं आपटत होती आणि हा माणूस तिला चहा पाजत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबाला चहा. ती आत गेली, दार लावलं आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आबा, कॉम्प्युटरची वेळ तुम्ही पुढं करता?"

आबांनी पेला खाली ठेवला. "व्हय. त्येचं काय?"

त्येचं काय! सारिकानं सगळं सांगितलं. चिठ्ठी, वेळ, पाच मिनिटं, पेटी, आणि त्यापायी बाहेर बसलेली ती पोर. जसजशी ती सांगत गेली तसतसा आबांचा चेहरा उतरत गेला. ते म्हणाले की भिंतीवरचं घड्याळ तर पहिल्यापासून चार मिनिटं पुढंच असतं, आणि हजेरीचं अंगठ्याचं मशीन मुख्य कॉम्प्युटरची वेळ धरतं, म्हणून ते दोन्ही सारखं ठेवतात, नाहीतर सुटताना अंगठा लवकर पडतो आणि बायांची हजेरी कापली जाते. आता सारिकाला उमगलं, की ही चार मिनिटांची लबाडी पेटी तीन वर्षं खपवून घेत होती. तिनं विचारलं, मग आता चाराची दहा का केली?

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बाहेर मॅडम गाडीवाल्याशी भांडत होत्या ते आत ऐकू येत होतं.

"तिच्यासाठनं," ते म्हणाले. "पयल्याच दिशी तिची मुक्कामी एष्टी गेली फाट्यावरनं. सुटी सहाला, गाडी सहाला. पोर रानातनं एकटी चालत गेली, अंधाराची. दुसऱ्या दिशी पाय सुजलेलं, पन बोलली न्हाई. मॅडमला सांगावं तर त्या म्हनतील, यील त्या गाडीनं यील अन् जाईल त्या गाडीनं जाईल अशी पोर कशाला घेतली. मग मीच म्हनलं, धा मिंटानं काय मालकिनीचं घर बुडत न्हाई."

सारिकाला ओरडायचं होतं. इतके दिवस, इतक्या खेपा, इतका शिणवटा, आणि ज्या पोरीला गाडी मिळावी म्हणून हे केलं, तिच्याच गळ्याशी ते आलेलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पण समोर तो म्हातारा हातातल्या टोपीशी चाळा करत बसलेला. एवढंच म्हणाली, की मॅडमना आता काय सांगायचं? तिनं मनात जुळवलंही होतं. मशीनचं घड्याळ बिघडलं होतं, म्हणता येईल. खोटं नाही, फार खरंही नाही.

तिनं मुख्य कॉम्प्युटरची वेळ सुधारली, आणि यापुढं ती कुणाला हातानं बदलता येणार नाही अशी कडी घातली. आरतीनं पासवर्ड टाकला आणि पेटीनं निमूट दार उघडलं. लेबलं भराभरा निघायला लागली, खोकी हलली. मॅडम आल्या, त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्यावर त्यांनी विचारायचं तेच विचारलं. काय झालं होतं? आरतीनंच काही केलं होतं ना?

सारिकानं तोंड उघडलं, तेवढ्यात केबिनच्या दारातून आबा बोलले. सगळ्या बायांना ऐकू जाईल असं बोलले. "मी क्येलं. घड्याळ मी पुढं करत हुतो. पोरीचा काई दोस न्हाई."

जुड्या बांधणारे हात थांबले. मॅडमनी का म्हणून विचारलं, तेही त्यांनी सांगितलं, जसं सारिकाला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही. आरती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. तिला हे आत्ता कळत होतं. मॅडम आबांना बोलल्या, आणि थोडंथोडकं नाही बोलल्या. एवढी वर्षं विश्वास टाकला, त्याचे हे पांग फेडलेत. तीन आठवडे माझं नुकसान होतंय आणि तुम्ही चहा पिताय. केबिनची किल्ली त्यांनी तिथल्या तिथं मागून घेतली आणि सारिकाच्या हातात दिली. आबांनी मान खाली घालून ऐकलं. वयानं एवढा माणूस, सगळ्या बायांसमोर. सारिकाला किल्ली हातात जड झाली आणि मॅडमचा राग आला, आबांचा आला, त्या चार मिनिटांच्या परंपरेचाही आला.

आणि यापुढं सुटी बरोबर सहाला, मॅडम म्हणाल्या. आरतीकडं बघून म्हणाल्या, तुला जमत असेल तर बघ.

तेव्हा आरती बोलली. इतक्या दिवसांत तिनं आपणहून काढलेलं ते पहिलंच वाक्य असेल. "मॅडम, मी सकाळी अर्धा तास आदी आली तर चालंल का? म्हंजे अर्धा तास आदी सुटंन."

मॅडम म्हणाल्या, एवढ्या सकाळी तू येणार कशी?

"मी येतीच हितं. मुक्कामी गाडी भल्या पहाटं निगती वाडीवरनं. फाटक उघडंस्तवर मोरीवर बसलेली असती रोज."

सारिकाला ती लाल नाकाची पोर शालीत बसलेली दिसली, आणि आपण तिला काय बोललो होतो तेही आठवलं. तिला कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. आबा मात्र दोन पावलं पुढं आले.

"अगं, मग मला सांगायचं न्हाई का?"

"तुमी इचारलं न्हाई, आबा," आरती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मॅडम खोकी गाडीत चढली का बघायला बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, ठीक आहे, उद्यापासून फाटक लवकर उघडायला सांगते, लेबलं तेवढी आधी सुरू होतील. तळेगावच्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. भिंतीवरचं घड्याळ आबांनीच स्टुलावर चढून उतरवलं आणि बरोबर लावलं. चंपा कुरकुरली की आता दुपार संपतच नाही. आबांची किल्ली मॅडमनी त्या आठवड्यात काही परत दिली नाही. सारिकानं ती चार दिवस डिकीत ठेवली आणि मग एका खेपेला मॅडमना न विचारता आबांच्या टेबलावर ठेवून दिली.

हंगामाच्या शेवटच्या दिवसांत एकदा, पवनेकडची कामं उरकून ती संध्याकाळी फाट्यावरून परत निघाली होती. उजेड अजून होता. फाट्यावर आरती पिशवी घेऊन उभी. आणि रस्त्याच्या पलीकडं, टपरीच्या आडोशाला, आबा. सहा वाजून गेलेले, पॅकहाउस नुकतं सुटलेलं, आणि हा माणूस मागची आवराआवर सोडून इथं हाताची घडी घालून रस्त्याकडं बघत उभा. सारिकानं स्कूटर थांबवली. ती तीन आठवडे राबली, पेटी सरळ केली, सगळी घड्याळं जुळवली, पोरीची सुटीची वेळ बदलून झाली, आणि तरी हे. तिचं डोकं पुन्हा तापलं.

"आता काय राहिलंय, आबा? सगळ्या वेळा जुळल्या ना?"

आबांनी वळणाकडची नजर काढली नाही. "आपल्या जुळवल्या तुमी, ताई," ते म्हणाले. "एष्टीची कोन जुळवनार? अजून आली न्हाई ती."